एक भिंत आपल्या नावाची

शनिवारी काष्टीला जनावरांचा बाजार भरतो. श्रीगोंदा तालुक्यातलं हे गाव लांबलांबच्या शेतकऱ्यांना माहीत आहे ते या बाजारामुळे. बैलजोडी विकायला आणायची तर तिची शिंगं तासलेली हवीत, शिंगांना रंग हवा, गळ्यात घुंगुरमाळ हवी, कपाळावर गोंडे हवेत. गोंडे तांबडे घ्यायचे की पिवळे, शिंगांना कोणता रंग उठून दिसेल, यावर घरातली पुरुषमंडळी तासभर बोलतात. त्यात वाईट काहीच नाही. ज्या जनावराला जीव लावला, ते देखणं दिसावं असं वाटणारच.

पण त्याच घरात दिवाळीच्या आधी रंगकाम निघालं की काय होतं? पुढच्या खोलीचा रंग चर्चा करून ठरतो, कारण तिथं पाहुणे बसतात. बाहेरच्या भिंतीचा रंग तर भावकीकडे बघून ठरतो! आणि झोपायची खोली? "तिथं कोण बघतंय? उरलेला रंग असेल तो मारून टाक." पेंटर बिचारा हुकमाचा ताबेदार. तो उरलेला गुलाबी आणि उरलेला पिवळा एकत्र कालवतो आणि जो काही रंग होईल तो फासून मोकळा होतो. पुढची पाच-सात वर्षं त्या भिंतीकडे बघत ती बाई झोपते आणि उठते.

मैत्रिणींनो, 'बेडरूमची सजावट' म्हटलं की आपल्याला मालिकांमधल्या त्या भल्यामोठ्या खोल्या आठवतात. मखमली पडदे, गोल पलंग, भिंतभर आरसा. मग आपण म्हणतो, ते आपलं काम नव्हे. आपल्या खोलीत एक लोखंडी कपाट, त्यावर बॅगा, कोपऱ्यात गाद्यांची चळत, पलंगाखाली गव्हाची पोती. इथं कसली आलीय सजावट?

खरी गोष्ट अशी आहे की, प्रश्न पैशांचा कमी आणि 'ठरवतं कोण' याचा जास्त आहे. ज्या खोलीत आपण दिवसाचा शेवटचा श्वास मोकळा सोडतो, तिथली निदान एक भिंत तरी आपल्या मनानं ठरलेली असावी, एवढंच आजचं मागणं आहे. मागणं लहान दिसतं. पण घरात ते पहिल्यांदा बोलून बघा, म्हणजे ते किती मोठं आहे ते कळेल.

भिंत बाईच्या हातातून कधी गेली?

आपल्या आज्यांना 'बेडरूम' नव्हती. ओसरी, माजघर, स्वयंपाकघर, संपलं घर. बायका-पोरं माजघरात, पुरुष ओसरीवर नाहीतर खळ्यावर. पण गंमत बघा, बेडरूम नसली तरी भिंत मात्र बाईची होती. मातीच्या भिंतीला शेणामातीचा गिलावा ती द्यायची. सणाच्या आधी पांढऱ्या मातीचा पोतेरा ती फिरवायची. खालचा पट्टा गेरूनं लालचुटूक करायचा, की सगळी भिंत पांढरी ठेवून नुसती कड ओढायची, हे तीच ठरवायची. नागपंचमीला भिंतीवर नाग काढायचे ते तिनंच. श्रावणात जिवतीचा कागद भिंतीला लावून लेकरांसाठी हात जोडायचे ते तिनंच. लग्नघरात हळदीचे हात उमटायचे ते बायकांचेच. कोनाड्यात काय ठेवायचं, खुंटीवर काय टांगायचं, हेही तिच्याच मनावर.

मग विटा-सिमेंटची घरं आली. फार बरं झालं. दर सणाला कंबर मोडेपर्यंत सारवायचं काम गेलं, उंदरांची बिळं गेली, पावसाळ्यात भिंत खचायची भीती गेली. जुनं ते सगळं सोनं, असं म्हणणाऱ्यांनी एकदा चार भिंती पोतेऱ्यानं सारवून बघाव्यात. पण त्या कष्टाबरोबर आणखी एक गोष्ट आपल्या हातातून निसटली, ती म्हणजे भिंतीबद्दलचा निर्णय. सिमेंटची भिंत पेंटरची झाली, रंग दुकानदाराचा झाला, पैसे घरधन्याचे झाले. बाईकडे उरलं काय, तर रंगकाम झाल्यावर फरशीवरचे डाग घासणं!

लग्नघरातल्या भिंतीची गोष्ट

झोपायच्या खोलीची भिंत म्हणजे किरकोळ बाब, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक खरी गोष्ट.

बिहारमधल्या मिथिला भागात लग्न झालं की नवरा-नवरीसाठी एक खोली सजवतात. तिला 'कोहबर' म्हणतात. तिथल्या भिंतीवर कमळ, बांबू, मासे, पोपट, कासव, चंद्र-सूर्य अशी चित्रं घरच्या बायका काढतात. आईनं लेकीला, सासूनं सुनेला शिकवलेली ही कला. १९३४ साली बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. घरं पडली. पाहणीला गेलेल्या डब्ल्यू. जी. आर्चर या इंग्रज अधिकाऱ्याला पडक्या घरांच्या आतल्या भिंतींवर ही चित्रं दिसली आणि तो थक्क झाला. तोपर्यंत ती बाहेरच्या कुणी पाहिलीच नव्हती. कारण ती होती आतल्या खोलीत, बायकांच्या जगात.

पुढं १९६६-६७ मध्ये बिहारमध्ये भयंकर दुष्काळ पडला. तिथल्या बायकांच्या हाताला काम मिळावं म्हणून हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकर यांनी एका चित्रकाराला तिकडं धाडलं. तो आपला मराठी माणूस, भास्कर कुलकर्णी. त्यांनी त्या बायकांच्या हातात कागद दिले आणि सांगितलं, जे भिंतीवर काढता तेच यावर काढा. त्या कागदांना गिऱ्हाईक मिळालं. दुष्काळात चूल पेटली. त्यातूनच जगदंबा देवी, सीता देवी, गंगा देवी या बायकांची नावं देशात झाली. जगदंबा देवींना १९७५ साली, सीता देवींना १९८१ साली आणि गंगा देवींना १९८४ साली पद्मश्री मिळाली. घराच्या आतल्या भिंतीपासून दिल्लीपर्यंत!

आता आपल्या महाराष्ट्रात या. पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरीच्या बाजूला वारली समाजात लग्नाच्या वेळी घराच्या आतल्या भिंतीवर 'चौक' काढतात. गेरूनं सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, मधोमध पालघट देवी. तो चौक काढायचा मान सवाष्णींचा. चौक झाल्याशिवाय लग्न पुढं सरकत नाही. भास्कर कुलकर्णी इथंही पोचले आणि १९७० नंतर ही कलाही भिंतीवरून कागदावर आली. पण इथं सर्वांत मोठं नाव झालं ते एका पुरुषाचं, जिव्या सोमा मशे यांचं. १९३४ साली जन्मलेल्या मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. कलावंत फार मोठा. त्यांच्या रेषेला दंडवतच घालावा. पण ज्या सवाष्णींच्या हातून तो चौक पिढ्यान् पिढ्या उतरत आला, त्यांच्यापैकी एकीचं तरी नाव आपल्याला आठवतं का?

दोन्ही गोष्टींतून एकच सांगायचं आहे. आतल्या भिंतीवर बाईचा हात फिरतो, त्याला किंमत असते. ती किंमत कधी तिच्या नावावर जमा होते, कधी होत नाही. आणि जी बाई स्वतःच म्हणते, "माझं काय मेलं त्यात, काढल्या आपल्या चार रेघा," तिच्या नावावर तर ती कधीच जमा होत नाही.

आपल्या भिंतीवर कोण आहे?

आज एक काम करा. घरातल्या सगळ्या भिंतींवरून नजर फिरवा आणि मोजा. सासऱ्यांचा फोटो असेल. मालकांचा सत्काराचा फोटो असेल, खांद्यावर शाल, हातात नारळ. एखाद्या पुढाऱ्याबरोबरचा फोटो असेल, त्यात आपले मालक चौथ्या रांगेत! मुलाची कबड्डीची ढाल असेल. देवांचे फोटो, कॅलेंडर, घड्याळ.

आणि तुम्ही? बहुतेक घरांत बाई भिंतीवर दोनदाच येते. एकदा लग्नाच्या फोटोत, मान खाली घालून. आणि दुसऱ्यांदा हार घातल्यावर.

मधली चाळीस-पन्नास वर्षं कुठं गेली? बचत गटाची अध्यक्ष झालात तेव्हाचा फोटो मोबाइलमध्येच राहिला. शिवणकामाच्या परीक्षेचं सर्टिफिकेट पेटीच्या तळाशी. दहावीला केंद्रात पहिली आलेल्या मुलीचं मार्कलिस्ट, तीच मुलगी आता दोन लेकरांची आई, ते कुठल्या फाइलमध्ये आहे तेही तिला आठवत नाही. हे सगळं पुढच्या खोलीत लावायचा संकोच वाटतो ना? मग निदान झोपायच्या खोलीत लावा. तिथं तर कुणी येत नाही म्हणता!

आणि ते रुखवत! लग्नाआधी वर्षभर जागून केलेलं. भरतकामाचे रुमाल, मण्यांचे मोर, लोकरीचे ससे, काचेत बसवलेलं कशिदाकाम. मांडवात एक दिवस सगळ्यांनी वाखाणलं, "मुलीच्या हातात कला आहे हो!" आणि दुसऱ्या दिवसापासून ते माळ्यावर. त्यातल्या कितीतरी जणींनी पुन्हा हातात सुई धरली ती फक्त बटण लावायला. मैत्रिणींनो, माळ्यावर शिडी लावा आणि तो खोका खाली काढा. बाजारातल्या चकचकीत स्टिकरपेक्षा ते तुमचं जास्त 'पर्सनॅलिटी'वालं आहे.

आपल्या आज्यांनी हेच केलं होतं. १८९४ साली राजा रविवर्म्यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला आणि लक्ष्मी-सरस्वतीची रंगीत चित्रं घरोघरी पोचली. त्या काळी पुष्कळ घरांत या छापील देवींना जर, टिकल्या, कापडाचे तुकडे चिकटवून सजवलेलं असायचं. चित्र हजार घरांत तेच, पण लक्ष्मीच्या साडीला लावलेली जर आपापली! पुढं मुळगावकर-दलालांची चित्रं दिवाळी अंकांतून, कॅलेंडरांवरून जपून कापून चौकटीत गेली. विकतच्या वस्तूला आपला हात लावून आपली करायची ही रीत आपल्याला नवी नाही.

"कशाला हवीय ही हौस?"

हे ऐकावं लागेल, त्याची तयारी ठेवा. मालक म्हणतील, "अगं, ऊस कारखान्याला जाऊ दे, मग बघू." ऊस जातो, बिल येतं, बिलातून मोटार दुरुस्त होते, सोसायटी फिटते, भिंत तशीच राहते. आत्याबाई म्हणतील, "आम्ही काय भिंती बघत झोपलो होतो का?" जाऊबाई काहीच म्हणणार नाहीत, पण बघतील. आणि शेजारीण विचारील, "काय गं, कुणी पाहुणे यायचेत का?"

भांडू नका. सरळ सांगा, "पाहुणे नाहीत, मीच राहते इथं."

यात चैन नाही. त्या खोलीत बाई बाळंतपणाचा महिना काढते. ताप आला की तिथंच पडते. माहेरून वाईट निरोप आला की दार लोटून तिथंच रडते. नवरा-बायकोचं मनातलं बोलणं झालंच तर तिथंच होतं. अशा खोलीची भिंत पोपडे आलेली, काळवंडलेली, दुसऱ्या कुणाच्या उरलेल्या रंगाची असली, तर मनावर त्याचं ओझं येतंच. भिंतीनं दुःख जात नाही. पण सकाळी डोळे उघडल्यावर समोर आपल्या आवडीचं काहीतरी दिसलं, तर पाय खाली टाकायला जरा बळ येतं. हे खोटं असेल तर सांगा.

आधी भिंत बघा, मग रंग

आता कामाचं बोलू. रंगाच्या दुकानात जायच्या आधी भिंतीला हात लावून बघा. आपल्याकडची पुष्कळ घरं काळ्या मातीत उभी आहेत. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे भिंतींना तडे जातात आणि तड्यांतून ओल शिरते. ओल आहे की नाही हे कळायला सोपा उपाय आहे. वीतभर प्लॅस्टिकचा कागद भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट बसवा आणि एक दिवस-रात्र तसाच ठेवा. काढल्यावर भिंतीकडच्या बाजूला पाणी दिसलं, तर ओल भिंतीच्या पोटात आहे. अशा भिंतीवर कितीही भारी प्लॅस्टिक पेंट मारला तरी फोड येणार आणि पोपडे निघणार. आधी गच्चीची गळती, न्हाणीघराचा पाइप, बाहेरून साठणारं पाणी बघा. ते दुरुस्त होईतो साधा चुना बरा. चुन्याच्या भिंतीतून ओल बाहेर पडायला वाट मिळते. चुन्यात चिमूटभर नीळ घातली की पूर्वी कसा थंड पांढरा रंग यायचा, आठवतं ना?

नवं बांधकाम असेल तर गिलाव्यावर निदान सात दिवस नीट पाणी मारा आणि मग भिंत पुरती वाळू द्या. महिनाभर तरी थांबा. वास्तुशांतीची तारीख गाठायला घाईनं मारलेला रंग पहिल्या पावसाळ्यात उत्तर देतो.

दुसरी गोष्ट जरा काळजीची. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. घरात वापरायच्या रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं, असा नियम सरकारनं २०१६ साली केला आणि तो नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. म्हणजे त्याआधीचे रंग तुमच्या भिंतीवर, दारा-खिडक्यांवर असतील, तर ते कोरडे घासताना उडणारी धूळ लेकरांच्या आणि गरोदर बाईच्या पोटात जाणं चांगलं नाही. शिशाचा लहान मुलांच्या मेंदूवर वाईट परिणाम होतो. म्हणून पेंटरला सांगा, पाणी मारून ओलं घासा. त्या दिवशी मुलांना दुसरीकडे पाठवा आणि नंतर खोली ओल्या फडक्यानं पुसून घ्या. नवा रंग घेताना डब्यावर शिशाबद्दल काय लिहिलंय ते वाचून घ्या.

रंग, कापड, फोटो

रंग निवडताना शेड कार्डावरच्या नखाएवढ्या तुकड्याला भुलू नका. तोच रंग भिंतभर झाला की गडद वाटतो, आणि ट्यूबलाइटखाली तर वेगळाच दिसतो. छोटा डबा आणून वहीच्या पानाएवढा पट्टा भिंतीवर मारा. सकाळी बघा, दुपारी बघा, रात्री दिवा लावून बघा. मग ठरवा. खोली लहान, खिडकी एकच आणि वर पत्रा असेल तर तीन भिंती फिक्या ठेवा. फिका रंग उजेड पसरवतो. पश्चिमेची भिंत दुपारनंतर तापते, तिला तांबडा-केशरी देऊ नका, बघूनच घाम फुटेल! आवडीचा गडद रंग पलंगाच्या उशाकडच्या एका भिंतीला द्या. मोरपंखी आवडतो? द्या. जांभळा आवडतो? द्या. दहा बाय दहाच्या भिंतीला दोन हात द्यायला साधारण दोन लिटर रंग पुरतो. सगळं घर रंगवायचं बजेट नसलं तरी एवढं जमतं, आणि एक भिंत आपल्याला स्वतःला रंगवताही येते. सारवणाऱ्या हातांना रोलर काय अवघड आहे?

रंगही नको असेल तर कापड आहे. आजीच्या इरकलीचे, नऊवारीचे काठ जीर्ण साडीवरून काढून एका पुठ्ठ्यावर ताणून बसवा, चौकट करा. आणि गोधडी! आईच्या साड्या, बापाचं धोतर, लेकराची झबली एकत्र शिवलेली. तिच्या टाक्यांकडे कधी नीट बघितलंय? महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर गीता खंडेलवाल यांनी अख्खं पुस्तक लिहिलं आहे. ज्यावर पुस्तक होतं ते आपल्याकडे बैलाच्या पाठीवर टाकायला जातं! एखादी चांगली गोधडी, अंगावर घ्यायला विरली असेल तरी, वरच्या कडेला पट्टी शिवून, त्यातून काठी ओवून भिंतीवर टांगा. खोलीला ऊब येईल. वर्षातून दोनदा उन्हात टाका, म्हणजे कसर लागणार नाही.

फोटो लावताना ते छताला भिडवू नका. फोटोचा मध्य जमिनीपासून पाच फुटांच्या आसपास असला की उभ्या माणसाच्या नजरेसमोर येतो. छोटे पाच-सहा फोटो असतील तर आधी जमिनीवर मांडून बघा, मग खिळे ठोका. झोपायच्या जागेच्या बरोबर वर जड चौकट नको. स्विच बोर्डाच्या सरळ वर किंवा खाली खिळा ठोकू नका, तिथं आतून वायर गेलेली असते.

घर भाड्याचं असेल, मालक खिळा ठोकू देत नसेल, तरी हरकत नाही. खिडकीच्या गजापासून कपाटाच्या कडीपर्यंत सुतळी बांधा आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी फोटो अडकवा. घर सोडताना सुतळी पिशवीत घालून न्या. आणि सगळं घरच एका खोलीचं असेल तर कपाटाच्या दाराची आतली बाजू तरी तुमचीच आहे. दार उघडलं की आपलं जग.

लेकीची भिंत

आपल्याबद्दल बोललो, आता लेकीबद्दल. मुलगा क्रिकेटवाल्याचं पोस्टर भिंतीवर चिकटवतो, आपण हसतो. मुलीनं काढलेलं चित्र चिकटवलं की, "अगं, रंग खराब होईल. आणि तुला काय, उद्या दुसऱ्याच्या घरी जायचंय!" हे वाक्य तिच्या कानावर पाचव्या वर्षापासून पडतं. मग ती ज्या घरात जन्मली तिथंही पाहुणी, आणि जिथं जाते तिथंही वीस वर्षं परकी. तिला एक हात रुंदीचा का होईना, भिंतीचा तुकडा द्या. त्यावर ती काय लावते हे तिचं तिला ठरवू द्या. चित्र लावील, वेळापत्रक लावील, पोलीस भरतीच्या मैदानाची माहिती लावील. आपल्या जागेबद्दल 'हे मला असं हवं' म्हणायची सवय जिला लहानपणी लागते, ती मोठेपणी शिक्षणाबद्दल, लग्नाबद्दल बोलताना चाचरत नाही.

आणि कागदावरचं नाव

शेवटचं, पण सगळ्यांत महत्त्वाचं. भिंत सजवली, फोटो लावले, गोधडी टांगली. ती भिंत कागदावर कुणाची आहे?

ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदवहीत, म्हणजे 'नमुना ८' मध्ये, घर नवरा-बायको दोघांच्या नावावर असावं, यासाठी महाराष्ट्र सरकारनं २००३ साली 'घर दोघांचे' ही मोहीम काढली होती. कितीतरी गावांत ती चांगली राबवली गेली. पण आपल्या घराचं काय झालं हे बघायला आपल्यापैकी किती जणी ग्रामपंचायतीत गेल्या? २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला सपाट भागात १ लाख २० हजार रुपये मिळतात, ते घर निदान २५ चौरस मीटरचं असावं लागतं, आणि ते घरच्या बाईच्या किंवा दोघांच्या नावावर मंजूर करायची त्यात तरतूद आहे. २०२० पासून स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोननं मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळू लागल्या. त्या पत्रिकेवर कुणाचं नाव लागलं? फ्लॅट किंवा घर विकत घेणार असाल तर एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात बाईच्या नावावर घर घेताना मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलतही आहे. म्हणजे तुमचं नाव लावणं हे मालकांच्या खिशालाही परवडणारं आहे, हेही त्यांना सांगा.

हे भांडण लावायला सांगत नाही. चांगल्या घरात नाव मागितलं तर कुणाला राग यायचं कारण नाही, आणि राग आलाच तर तोही बघून ठेवलेला बरा. वाईट वेळ सांगून येत नाही. नवरा गेल्यावर, किंवा त्यानं टाकून दिल्यावर, ज्या भिंती आपण तीस वर्षं सारवल्या, पुसल्या, त्यांच्यातून बाहेर काढल्या गेलेल्या बायका आपल्या आजूबाजूला आहेत. त्यांना रंगाची नाही, कागदाची गरज होती.

तेव्हा या आठवड्यात दोन कामं करा. एक, झोपायच्या खोलीतली एक भिंत निवडा आणि तिच्यावर आपल्या आवडीचं काहीतरी लावा. बाजारातून आणलेलं नको, माळ्यावरून काढलेलं. दोन, ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत जाऊन घराचा उतारा मागा. एकटीला संकोच वाटत असेल तर बचत गटातल्या चौघी मिळून जा. तो उतारा घरी आणून वाचा, मालकांनाही वाचून दाखवा.

दोघांचंही नाव त्यावर निघालं तर त्या कागदाची झेरॉक्स चौकटीत बसवून त्याच भिंतीवर लावा. नाही निघालं, तर चौकट आणून ठेवा. रिकामी चौकट रोज दिसत राहिली की काम लवकर होतं.